बाबांची कापलेली दोन मिनिटं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून लपलेली गोष्ट आमच्या घरात टिकते म्हणजे बघा, किती खोल पुरली असेल.

आयटीत नोकरी लागल्यापासून वारज्याच्या आमच्या घरात मी सर्वज्ञ होतो. कंपनीत मी फक्त दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचो. पण नातेवाइकांच्या लेखी मिक्सरपासून मोबाइलपर्यंत सगळं माझंच खातं. तेव्हा बाबांच्या पंचाहत्तरीला कॅसेटवाला डिजिटल व्हिडिओ कॅमेरा माझ्याच हातात येणार, हे ओघानं आलंच.

ताई नव्हती त्या कार्यक्रमाला. तिनं बाबांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून ते नऊ वर्षं तिच्याशी बोलले नव्हते. अमेरिकेतून तिचं मागणं एवढंच — "व्हिडिओ इंटरनेटवर टाक रे. बाबा कसे दिसतात ते तरी बघते."

धायरीच्या मंगल कार्यालयात शेवटची पंगत उठली आणि बाबा माझ्यापाशी आले. "सुरू आहे का रे ते?" समोर खुर्ची ओढून बसले, टोपी नीट केली आणि कॅमेऱ्याकडे बघून बोलायला लागले. चूक माझी होती सुमे, म्हणाले. जावईबापूंना घेऊन ये, म्हणाले. आणि शेवटी — "तुझ्याएवढं मला या घरात कुणी ओळखलं नाही." मग माझ्याकडे वळून, "पाठव तिला. फोनवर मला नाही जमायचं."

आता तांत्रिक भाग. म्हणजे लपायची जागा.

तासाभराची कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली की तेरा जीबी. आमचं इंटरनेट म्हणजे शनिवार पेठेतला बोळ, त्यातून हत्ती न्यायचा! मग कॉम्प्रेशन. चित्र पत्त्याच्या पानाएवढं केलं, दर्जा उतरवला, औक्षणाच्या निरांजनाचे चौकोन झाले. तरी साइटच्या मर्यादेत बसेना. काहीतरी कापायलाच हवं होतं. माझं भाषण साडेचार मिनिटांचं. बाबांचं हे बोलणं दोन मिनिटांचं.

तुम्ही काय कापलं असतं?

मी बाबांना कापलं. मागे ताटांचा आवाज येतोय, असं स्वतःला सांगितलं. खोटं. शब्द न् शब्द स्वच्छ होता — म्हणूनच कापला. गुडघ्यांना तेल चोळणारा मी, दवाखान्याच्या रांगेत बसणारा मी. आणि ओळखलं कुणी, तर सुमीनं?

कॅसेट तरी ठेवायची! पण कॅसेट एकदाच वापरणं आमच्यात उधळपट्टी समजतात. पुढच्याच रविवारी सोसायटीच्या लिंबू-चमच्याची शर्यत तिच्यावरच घेतली. "अहो, बाबांचं उतरवून घेतलंत ना?" बायकोनं विचारलं होतं. घेतलं म्हणालो. घेतलेलं होतंच — ते तेरा जीबीही मी दुसऱ्या दिवशी पुसले. जागा अडते म्हणून.

बाबा विचारायचे, "बघितलं का तिनं?"

"बघितलं, बाबा."

"काही म्हणाली?"

"नाही."

दोन्ही उत्तरं खरी होती. इतकं खरं बोलून इतकं खोटं वागता येतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. बाबा मान हलवायचे. "बरोबरच आहे तिचं," म्हणायचे. एकदा नाही — किती तरी वेळा. हळूहळू विचारायचे थांबले. दोन वर्षांनी गेले.

ताई दिवसांना आली. नऊ वर्षांची अकरा झाली होती. माझ्या शेजारी बसून हळूच म्हणाली, "अख्ख्या व्हिडिओत एकदाही माझं नाव नाही रे?"

मी म्हणालो, "कॉम्प्रेशनमध्ये जातं गं थोडंफार."

तिनं विश्वास ठेवला. सर्वज्ञ ना मी! कॉम्प्रेशनमध्ये चित्र फाटतं, आवाज घोगरा होतो. बापाचं अख्खं बोलणं जात नाही. ते कुणीतरी बसून, नेमकं सुरुवातीला आणि नेमकं शेवटी बोट ठेवून काढावं लागतं.

ती फाइल ताईनं जपून ठेवली आहे. दर वर्षी बाबांच्या तिथीला लावते. त्यात माझं भाषण पूर्ण आहे. टाळ्यांसकट.