आत्याचा काढा तपासला तेव्हा

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी मी तरवड निवडला, त्याचं पहिलं कारण म्हणजे तो फुकट मिळत होता. परभणीहून जिंतूरकडे निघालं की बांधावर, माळावर, सडकेच्या कडेला तरवडच तरवड. कमरेएवढं झुडूप. पावसाळा सरत आला की पिवळ्या फुलांनी भरून जातं, आणि नवरात्रात घटावर रोज चढणारी माळ आमच्या भागात याच फुलांची असते. शुगरवर ही फुलं चालतात, असं गावोगाव सांगतात. आमचे मार्गदर्शक सर म्हणाले, "सांगतात ना? मग आपण बघू."

बघू, हा शब्द मला आवडला. आमच्या घरी देवघर नव्हतं. माळ्यावर पत्रकांचे गठ्ठे होते. वडील शाळामास्तर, आणि उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पत्रकं वाटण्यात घालवली: बुवाबाजीविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, कालव्याच्या पाण्यासाठी. मी वाचायला शिकले ती पत्रकांवरच्या जाड अक्षरांवरून. त्यांच्या थोरल्या बहिणीला, माझ्या आत्याला, मात्र ते एक गोष्टही पटवू शकले नाहीत. भावाची पत्रकं ती चुलीत घालायची आणि तोंडावर सांगायची, "बाकी काय का असंना, लवकर पेटतंय बरं का तुझं."

आत्या जिंतूरजवळच्या खेड्यात राहायची. तिच्याकडे घट बसायचे, म्हणून फुलांसाठी मी तिलाच फोन केला.

"फुलं कशाला गं? तुमच्या घरी घट बसवायला लागलाव काय?"

"लॅबमध्ये लागतात. शुगरवर काम करतात का, ते तपासायचंय."

"शुगरवर?" तिनं विचारलं. तिला स्वतःला बरीच वर्षं शुगर होती, जिंतूरच्या दवाखान्यातल्या गोळ्या चालू होत्या. मग म्हणाली, "धाडते." सावलीत वाळवलेली फुलं कापडी पिशवीत भरून तिनं एसटीच्या कंडक्टरकडे दिली. पिशवीचं तोंड इतकं घट्ट शिवलं होतं की मला ब्लेड घ्यावं लागलं.

आमचा प्रयोग साधा होता. आपण भाकरी खातो, तिच्यातल्या पिठूळ भागाची साखर करणारा एक पदार्थ शरीरात असतो. परीक्षानळीत तो पदार्थ आणि स्टार्च एकत्र ठेवायचे, फुलांचा अर्क घालायचा, थोड्या वेळानं आयोडीनचा थेंब टाकायचा. निळा रंग आला तर स्टार्च शिल्लक आहे, म्हणजे साखर होणं अडलं. निळा आला नाही तर अर्क कुचकामी. अर्कासाठी फुलं मिथेनॉलमध्ये भिजवायची. मिथेनॉल विष आहे. ते पूर्ण उडवून खाली जो काळपट चिकटा उरतो, तो वापरायचा.

आमचा रंग निळा आला. अर्क भरपूर घातला तेव्हाच आला, पण आला. सर खूश झाले. पोस्टरवर त्यांनी लिहायला लावलं: मधुमेहावर आशादायक.

"सर, परीक्षानळीला मधुमेह होत नाही," मी म्हणाले.

"तुला भाषणं फार सुचतात. आपण आशादायक म्हटलंय. औषध म्हटलंय का?"

नव्हतं म्हटलं. मी गप्प बसले नाही, वाद घातला, आणि शेवटी खाली बारीक अक्षरांत एक ओळ मिळवली: माणसांवर चाचणी झालेली नाही. मला वाटलं, लढाई जिंकली.

थंडीत वडील आत्याला परभणीला घेऊन आले. कापूस वेचताना पऱ्हाटीचा वाळका खुंट तिच्या पायाच्या तळव्यात घुसला होता. तिला ते कळलंच नाही, कारण पायाला मुंग्या येऊन येऊन तो बधिर झाला होता. कळलं ते पायतणात ओल लागल्यावर. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी जखम उघडून पाहिली, साखर मोजली आणि स्पष्ट सांगितलं: आजच भरती व्हा, इन्सुलिन सुरू करू, उशीर केला तर पाय वाचणार नाही.

आत्या म्हणाली, "बघू." आणि आमच्या घरी येऊन बसली.

"आत्या, गोळ्या घेत होतीस ना?"

"सोडल्या की. दसऱ्यापासून."

"कामून?"

"कामून म्हंजी? तरवड घ्यायले न्हवं. कडू लागतंय म्हणून वाईच गूळ टाकते."

"गूळ?"

"वाईच."

"तुला कुणी सांगितलं तरवड प्यायला? पोस्टरचा फोटो आला होता का गावात?"

"कशाचं पोस्टर बाई? तूच न्हाई का मागवलीस फुलं? कालिजातली माणसं, सरकारच्या लॅबमधी, आमच्या माळावरचं तरवड मागवायलेत, ते काय उगंच? काही असल्याबिगर कुणी मागवतंय? आमच्या गल्लीतल्या बायाबी उकळायल्यात."

मी मागितलं, हेच प्रमाणपत्र झालं होतं. निकाल लागण्याच्या आधीच गावात निकाल लागला होता. पोस्टरवरच्या एका शब्दासाठी मी सरांशी भांडत होते, तेव्हा तिकडं तिच्या गल्लीतल्या बायाही फुलं उकळायला लागल्या होत्या.

तिच्या पिशवीत वाळलेल्या फुलांचा डबा होता. मी म्हणाले, "आत्या, तुझा काढा मी तपासते. तुझ्यादेखत. काही निघालं नाही तर भरती व्हायचं."

"निघालं तर?"

"निघणार नाही."

"तू आधीच ठरवून बसलीस की गं. बापावर गेलीस."

पण ती तयार झाली. रिक्षानं तिला कॉलेजात आणलं, स्टुलावर बसवलं, पाय दुसऱ्या स्टुलावर. खोलीभर जखमेचा वास पसरला. खिडकी मी उघडली नाही, तिला कळलं असतं म्हणून. तिनं घरून करून आणलेला काढा एका नळीत घातला, दुसरीत आमचा अर्क, तिसरीत नुसतं पाणी. तिन्हीत स्टार्च आणि तो साखर करणारा पदार्थ घातला, थोड्या वेळानं आयोडीन टाकलं. आमच्या अर्काची नळी निळी. पाण्याची आणि तिच्या काढ्याची, दोन्ही पिवळट.

"बघ," मी म्हणाले. "तुझा काढा आणि पाणी, सारखंच."

ती वाकून एकेक नळी बघत गेली. मग निळ्या नळीकडे बोट केलं. "अन् ही?"

"तो आमचा अर्क. पण त्यात मूठभर फुलांचा चिकटा..."

"म्या धाडलेली फुलं?"

"हो, पण..."

"तीच!" तिचा चेहरा एकदम उजळला. "अगं, तुला धाडली ती झाडावरून तोडलेली, निर्मळ. म्हटलं तपासायचंय तर चांगली द्यावीत. अन् माझ्यासाठी घटावरच्या उतरलेल्या माळा ठेवल्या. नऊ दिवस टांगून गुण उडला असंल त्यांचा! माझं फूल चुकलं, पोरी. तरवड न्हाई चुकला."

मी खूप बोलले. पाण्यातला काढा आणि मिथेनॉलचा अर्क यातला फरक, नळी आणि शरीर यातला फरक, गूळ. ती मान हलवत होती, कौतुकानं. मी तिला पुरावा दाखवायला आणलं होतं, आणि पुरावा तिनं पाहिला होता. निळा, तिच्याच फुलांचा, माझ्याच हातचा.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर वडील दारात, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत ताजी पिवळी फुलं.

"तुम्ही?"

"अर्धा घंटा सडकेनं हिंडलो. थंडीत तुरळकच फुलतंय." ते माझ्याकडे बघत नव्हते. "दोन दिवस घेऊ दे म्हणली, मग भरती होते. शब्द दिलाय तिनं."

"जन्मभर लोकांना काय सांगत आलात तुम्ही?"

"लोकांना," ते म्हणाले. "ही बहीण हाय."

दोन दिवसांचे चार झाले. ताज्या फुलांनी बरं वाटायलंय, असं ती रोज सांगायची, आणि खरंच हसून सांगायची. मी ओरडले, रडले, जेवण सोडलं. चौथ्या रात्री तिला हुडहुडी भरली. सकाळी पट्टी सोडली तर अंगठा आणि शेजारची बोटं काळी पडली होती. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला एक शब्दही रागावून म्हटला नाही, तेच मला जास्त लागलं. घोट्याच्या वरून पाय काढला.

सरांना जाऊन सांगितलं. ते हादरले, खरोखर हादरले. मग म्हणाले, "पण हा आपल्या प्रयोगाचा दोष नव्हे." बरोबरच होतं. मी प्रबंधात आत्याच्या काढ्याची नळीही लिहिली आणि आशादायक हा शब्द काढून टाकला. सरांनी तो पुन्हा घातला. मी पुन्हा काढला. शेवटी त्यांनी सही केली, पण माझ्याशी बोलणं सोडलं. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट एवढंच वाटतं की हे सगळं कागदावर झालं, आणि कागद आत्याच्या गल्लीत जात नाही.

दवाखान्यातून आत्या घरी आल्यावर तिला इन्सुलिन टोचायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या सकाळी मी सिरिंज भरत होते. ती उशीला टेकून बसली होती, पायांवर चादर, टोकाशी एका बाजूला सपाट.

"हे कोणच्या झाडाचं?" तिनं विचारलं.

"झाडाचं नाही. कारखान्यात करतात."

"तपासलंय का कुणी?"

"तपासलंय."

"नळीत?"

"आधी नळीत. मग माणसांवर. खूप माणसांवर, खूप वर्षं."

"कशी माणसं?"

"तुझ्यासारखी. शुगरवाली."

"ती जगली?"

"आधी अशी माणसं मरायची, आत्या. लेकरंसुद्धा. हे आल्यावर जगायला लागली."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. तिनं वाकून चादरीवरचा सपाट भाग तळव्यानं चाचपला आणि हात उचलून घेतला.

"हे सांगायचंस ना आधी," ती म्हणाली. "नळ्या कशाला दाखवीत बसलीस?"

तिनं पोटावरचा पदर बाजूला केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"टोच," म्हणाली.