गुळाच्या डब्याचं कुलूप

आईचं इन्सुलिन मी फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्यात ठेवायला लागले ते पावसाळ्याच्या सुरुवातीला. आमच्या टोकावड्याकडे लाइट गेली की कधी येईल सांगता येत नाही, बर्फाजवळ औषध जास्त टिकेल, एवढाच माझा हिशोब. मी शाळेत विज्ञान शिकवते. उष्णतेने प्रथिनं कशी बिघडतात ते सांगायला दरवर्षी फळ्यावर उकडलेलं अंडं काढते. गोठवूनही बिघडतात, हे काही डोक्यात आलं नाही.

आईची साखर चढत गेली. इंजेक्शन मीच द्यायचे, वेळेवर, मोजून. म्हणजे चूक तिचीच असणार.

"चोरून गूळ खातेस तू," मी म्हणाले.

"नाय गो, हात पन नाय लावला."

मी गुळाच्या डब्याला कुलूप घातलं. शेजारच्या काकूंना लक्ष ठेवायला सांगितलं. रोज बोटातून रक्त काढून साखर तपासायची आणि आकडा बघून बोलायचं, हा माझा नेम झाला. पुढे पुढे तिने नाय म्हणणंही सोडलं.

एका सकाळी ती उठेना. रिक्षात घालून मुरबाडला दवाखान्यात नेलं. सलाइन लागलं, दुपारी ती शुद्धीवर आली. औषध कुठे ठेवता, असं डॉक्टरबाईंनी विचारलं, मी सांगितलं.

"इन्सुलिन हे पेप्टाइड हॉर्मोन," त्या म्हणाल्या. "अमिनो आम्लांची छोटी साखळी, नीट घडी पडलेली. गिळलं तर पोटात डाळीसारखं पचून जाईल, म्हणून तर सुई. आणि गोठलं की घडी बिघडते. बाटलीकडे बघून कळेलच असं नाही."

मी मान हलवत राहिले. रडू आलं नाही, घाबरायलाही झालं नाही. आत काहीच हललं नाही. माझीच मला किळस आली ती फार नंतर.

आईजवळ जाऊन सांगितलं, "तुझी चूक नव्हती. औषध मी बिघडवलं."

तिने छताकडे बघत ऐकून घेतलं. "खाल्ला असंल गो मीच. तू शिकलेली, तुझं कसं चुकंल?"

आता औषध फ्रीजच्या दारात असतं आणि साखर आटोक्यात आहे. कुलूप मी त्याच संध्याकाळी काढलं. तपासायला बसले की आई बोट पुढे करते आणि मी काही विचारायच्या आत सांगते, "आज काय नाय खाल्लं गो."