दाबाच्या झाकणाचा डबा

ही गोष्ट सांगायचं मी आजवर टाळत आलो. नातवंडांनी जुन्या बारामतीचं काही सांगा म्हटलं, की मी दौंडच्या छोट्या आगगाडीचं सांगायचो, बाजारातल्या गुळाच्या ढेपांचं सांगायचो, आणि कॉफीपाशी आलो की पाणी प्यायला उठायचो. आता मामा नाहीत, आई नाही, गेल्या वर्षी बायकोही गेली. ज्यांच्या धाकानं गप्प बसलो त्यांतलं कुणी उरलं नाही. तरी लिहिताना हात मागे येतोच.

पन्नासच्या दशकातली मधली वर्षं असावीत. वडील गेल्यावर आई मला घेऊन बारामतीला माहेरी आली होती. मामांचं किराणा दुकान होतं. ताटातलं मामांचं, अंगावरचं मामांचं, आणि पुढे मामांची मुलगी मला द्यायची हेही आम्हा दोघांना न विचारता ठरलेलं. पेठेत मला कुणी नावानं हाक मारत नसे, मी सगळ्यांचा ‘भाचा’ होतो. घरात कुणी वाईट वागायचं नाही. त्यामुळे निघून जायला कारणही सापडत नव्हतं.

दुकानामागच्या बिनखिडकीच्या खोलीत मी कॉफी भाजायचो. बारामतीत तेव्हा कॉफी कोण पिणार? गिऱ्हाईक होतं ते इंदापूर तालुक्यातल्या कारखान्याच्या वसाहतीत. तिथे मद्रासकडची कुटुंबं राहायची. त्यांना रोज सकाळी ताजी कॉफी लागे, आणि जरा शिळी निघाली तर ती माणसं पहिल्या घोटाला ओळखत.

ताजेपणा टिकवायची शिस्त मामांनी पुण्याच्या व्यापाऱ्याकडून शिकून घेतली होती. “भाजलेली बी दिवसभर उसासे टाकते,” ते सांगायचे, “तोवर झाकण दाबायचं नाही.” एकदा मी घाईनं कोमट बीच भरून झाकण ठोकलं, तर सकाळी ते बीतून सुटलेल्या हवेनं उडून फळीखाली पडलेलं सापडलं. पण उसासे संपले की मग उलटं. मग बी उघडी ठेवायची नाही. कागदाच्या पुडीत ती दोन-तीन दिवसांत मरायची. कागदाला तेलाचा डाग उरायचा आणि जिभेला नुसतं जळकं लाकूड. म्हणून आम्ही दाबाच्या झाकणाचे पत्र्याचे दोन मोठे डबे ठेवले होते. बी गळ्यापर्यंत भरायची, म्हणजे आत हवेला जागा राहत नाही. झाकणाच्या कडेनं मेणात बुडवलेली कापडाची पट्टी गुंडाळायची. आत जे असेल ते धरून ठेवायचं, एवढंच त्या डब्याला कळत होतं.

एक डबा एस.टी.नं कळसला जायचा आणि दुसरा रिकामा परत यायचा. कळसला तात्या होते. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. सहा-आठ महिने मेंढरांमागे कोकणापर्यंत चालायचं, पालात राहायचं. तात्यांनी ते सोडून वसाहतीच्या वाटेवर पत्र्याचं दुकान टाकलं होतं, आणि ते चाललं होतं आमच्या कॉफीवर. डबा रात्री त्यांच्या घरी राही. सकाळी सायकलला बांधून ते दुकानी नेत आणि तिथे गिऱ्हाइकासमोरच पट्टी सोडत. हिशेबाला बारामतीला आले की मला छेडल्याशिवाय जात नसत.

“काय भाचेराव, का आतापासनं जावयबापू म्हणू?”

“तात्या, मामा ऐकतील.”

“ऐकू द्यात की. हुंड्यात ही धुराची खोली देत्याल तुमाला!”

डबा ‘रिकामा’ परत यायचा म्हटलं खरं, पण रिकामा तो कधीच आला नाही. तात्यांच्या बायकोला, काकींना, दुसऱ्याचं भांडं रिकामं धाडणं माहीत नव्हतं. कधी भुईमुगाच्या शेंगा, कधी हुलगे, कधी चार लिंबं. डबा आला की मी तो राखेनं घासायचा, कढत पाणी ओतायचं आणि पत्रा तापेपर्यंत उन्हात ठेवायचा.

त्या खेपेला डब्यात काळं तिखट आलं. लसूण-खोबऱ्याचं, काकींनी स्वतः कुटलेलं. आईनं ते बरणीत काढलं आणि आठवडाभर आमच्या घरात त्याचीच कालवणं झाली. दिवस ढगाळ होते. धुतलेला डबा वाळला नसता, आणि ओल हा कॉफीचा पहिला शत्रू, हे मला पाठ होतं. म्हणून मी डबा धुतलाच नाही. कोरड्या फडक्यानं दोनदा पुसला, आत नाक घालून वास घेतला. मला कसला वास आला नाही. येणार कसा? तेच तिखट रोज दोन वेळा माझ्या ताटात होतं.

त्याच डब्यातून कॉफी कळसला गेली. नेमकी त्याच वेळी वसाहतीतल्या एका मोठ्या घरात मुलीला बघायला पाहुणे आले होते. दिवाणखान्यात पेले फिरले आणि पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. कॉफीला लसणाचा वास होता. मुलीची आई रडली म्हणतात. दुसऱ्या दिवशी तात्यांच्या दुकानाकडे कुणी फिरकलं नाही, आणि मामांना निरोप आला, की तुमचा माणूस भेसळ करतो.

तात्या आपण होऊन बारामतीला आले. मामा गादीवर होते, मी तागडीपाशी.

“शेठ, मी कायबी घातलं न्हाय. आईची आण.”

मामांनी माझ्याकडे बघितलं. “डबा धुतला होतास का रे?”

उत्तर द्यायच्या आधी तात्याच बोलले, “इचारा, इचारा त्येला. ह्यो पोरगा खोटं बोलायचा न्हाय.”

आतल्या दारात आई उभी होती. तिच्यामागे मामांची मुलगी. मागे भाजणीची खोली, पुढे मामा, बाजूला तात्या. वाट कुठेच नव्हती. मी म्हटलं, “धुतला होता. कढत पाण्यानं.”

आईला माहीत होतं. आठवडाभर ऊन पडलंच नव्हतं, आणि अंगणात डबा वाळत घातलेला तिनं पाहिला नव्हता. तिनं पदर सारखा केला आणि आत गेली.

तात्या ओट्याच्या पायरीवर बसले. मी पाणी दिलं. ते हळूच म्हणाले, “भाचेराव, खरं सांगा. आमच्या हिच्या तिखटाचा तर वास न्हवं त्यो?”

“नाही तात्या. डबा स्वच्छ होता.”

“मग घरातच कुणीतरी लसणाच्या हातानं झाकण उघाडलं, अन् पट्टी परत गुंडाळली. रात्रभर डबा तिच्याच हाताखाली व्हता.” त्यांनी तांब्या खाली ठेवला. “बाईला हजारदा सांगितलं, हात लावू नगं म्हणून.”

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मी तांब्या उचलून आत नेला.

मामांनी वसाहतीची कॉफी दुसऱ्या दुकानदाराकडे दिली. काही दिवसांनी तात्यांकडचा डबा एस.टी.नं परत आला. राखेनं घासून लख्ख केलेला, आणि पहिल्यांदाच रिकामा. आईनं आत बघितलं आणि तो फळीवर ठेवला. त्या वर्षी तात्या पुन्हा मेंढरांमागे गेले, तेही भावाच्या मेंढरांमागे. माझं लग्न ठरल्याप्रमाणे झालं, दुकान माझं झालं. डबा मी कधी विकला नाही, वापरलाही नाही.

बऱ्याच वर्षांनी, तात्या गेल्याचं कळल्यावर, मी तो डबा ताज्या कॉफीनं भरला आणि कळसला गेलो. एस.टी.त वाक्य घोकत होतो. काकी अंगणात शेळीला पाला टाकत होत्या. त्यांनी मला ओळखलं, बाजेवर बसवलं. डबा बघून हसल्या.

“ह्यो अजून हाय व्हय? ह्येच्यापायी म्हातारा मला जलमभर बोलला. मरताना सुदिक म्हणला, तू झाकण उघाडलंस.”

मी डबा मांडीवरून खाली ठेवला.

“म्या लई आणा घेतल्या. पर किती दिस भांडायचं? शेवटी म्हणलं, आसंल बाबा. झोपंत उघाडलं आसंल म्या. आता मलाच वाटतंय, उघाडलंच व्हतं. तुमी आज कसं काय वाट चुकलात?”

“सहज आलो होतो, काकी.”

निघताना मी डबा तिथेच ठेवायला लागलो, तर त्यांनी कॉफी पातेल्यात ओतून घेतली, डब्यात ओंजळभर शेंगा टाकल्या आणि झाकण दाबून माझ्या हातात दिला. मी तो घेतला आणि एस.टी.च्या वाटेला लागलो. पुन्हा जाणं झालं नाही. नंतर त्याही गेल्या.

घोकलेलं वाक्य एवढंच होतं: काकी, तुम्ही झाकण उघडलं नव्हतं, डबा मी धुतला नव्हता, मला माफ करा.