रिकाम्या डब्यातलं पेन

भिवंडीतली ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. गुन्हा म्हणाल तर एका पेनाच्या चोरीचा.

ऑनलाइन खरेदी तेव्हा आमच्याकडे नवीन होती. फिर्यादी तिशीतला. घरच्या शेतावर गोदामं उभी राहिली आणि याला शाईच्या महागड्या पेनांचा नाद लागला. परदेशातल्या अधिकृत डीलरकडून त्याने एक पेन मागवलं होतं. किंमत ऐकून आमच्या हवालदाराने लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. पार्सल कुरियरच्या गोदामातून घरी आलं, पण म्हणे आतला डबा रिकामा. कुरियरकडून भरपाई मिळवायची तर पोलिसांचा कागद लागतो. "साहेब, चोर पकडा न पकडा, मला फक्त एफआयआरची कॉपी द्या," तो म्हणाला.

चोर मात्र गोदामाच्या मॅनेजरने तयारच ठेवला होता. पार्सलं लावणारी, पडघ्याकडच्या आदिवासी पाड्यावरची एक बाई. तिला कामावरून काढून, तिच्या नावाने स्वतःच लिहिलेला कबुलीजबाब आणि तिला घेऊन तो पोलीस ठाण्यात हजर झाला. आमच्या महिला शिपायाने तो तिला वाचून दाखवला.

"मी न्हाय घेतला," बाई म्हणाली. "आंगठा देनार न्हाय."

"साहेब, संध्याकाळपर्यंत बसवून ठेवा, देईल अंगठा," मॅनेजर म्हणाला. "ऊपर बात हो गई है."

झालीच होती. थोड्या वेळात वरून फोन आला, एवढ्याशा गोष्टीला किती वेळ लावता म्हणून. मी 'होय सर' म्हणालो, फोन ठेवला आणि बाईला घरी पाठवलं. चोरी केलेला माणूस ठाण्यात सारखा दाराकडे बघतो. ही सरळ माझ्याकडे बघत होती.

मग आमच्या बीटच्या शिपायाने खबर आणली. फिर्यादीने तक्रारीच्या आदल्याच दिवशी धामणकर नाक्यावरच्या दुकानातून शाईची बाटली नेली होती. त्याच्याकडे आधीचीही पेनं होती, त्यामुळे हा काही पुरावा नव्हता. मी त्याला पुरवणी जबाबासाठी बोलावलं आणि चहा मागवला. नादिष्ट माणसाला दम देऊन काही मिळत नाही. त्याच्या नादाला नावं ठेवावीत, मग तो आपण होऊन बोलतो.

"तुमचा डीलरच लबाड दिसतो," मी म्हणालो. "लोकांनी वापरलेली पेनं नवी म्हणून खपवत असेल."

"काय बोलता साहेब? अधिकृत डीलर आहे तो. प्रत्येक निब शाईत बुडवून, लिहून बघतो, मगच पाठवतो. म्हणून तर निबवर निळी झाक होती. वापरलेलं नव्हतं ते."

"डबा रिकामा होता ना? मग निब कुठे पाहिलीत?"

त्याने कप खाली ठेवला. पेन त्याच्याच कपाटात मिळालं. त्याला पेनही हवं होतं आणि पैसेही.

पुन्हा फोन आला, मिटवून टाका. मी मिटवलं नाही. खोट्या फिर्यादीचा अहवाल कोर्टात धाडला, बाईला बोलावलं आणि सांगितलं, तुझ्यावर आता काही नाही, जा. ती उठेना.

"मना चोर बोलले ते गोडावनात, सगल्यांसमोर," ती म्हणाली. "तू इथं बोलतोस, ते कोन ऐकतो?"

पाड्यावरची माणसं साहेबालाही 'तू'च म्हणतात. मला त्या दिवशी ते फार बरं वाटलं.

फिर्यादी आणि मॅनेजर, दोघांना जीपमध्ये बसवलं आणि शिफ्ट बदलायच्या वेळी गोदामात नेलं. दोन्ही शिफ्टची माणसं जमली. हिने चोरी केली नव्हती, हे दोघांनी आपापल्या तोंडाने, मागच्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं. मॅनेजरला दुसऱ्यांदा सांगावं लागलं, पहिल्यांदा तो नुसता पुटपुटला. बाई तिथूनच कामाला लागली.

"कोणत्या कलमाखाली नेलंत त्यांना?" वरिष्ठांनी विचारलं.

"कोणत्याच नाही, सर."

माझी बदली झाली. त्या केसने मला एक गोष्ट शिकवली. चोरीचा माल सापडला की आपण तो मालकाला परत देतो, पेनाचंही तेच झालं. पण चोरी त्या बाईचीही झाली होती, भर गोदामात, आणि तिचं जे गेलं ते तिथेच परत द्यायला हवं होतं. बदली करायची तर पुन्हा करा. मी पुन्हा जीप काढीन.