कॅशे पुसायला मंजुरी हवी

शासकीय माहिती हा जनतेचा ठेवा असून तो जपणे हे प्रत्येक कर्मचाऱ्याचे पवित्र कर्तव्य आहे. धडगावच्या एका कार्यालयात साहेबांनी मला हे ऐकवले, तेव्हा स्क्रीनवर एका मान्यवरांचा हसरा फोटो होता आणि त्याखाली 'अर्ज सादर करा' हे बटण गाडले गेले होते.

मी कंत्राटावर कॉम्प्युटर दुरुस्त करतो. शेजारी रमिला उभी होती. नर्सिंगच्या वसतिगृहासाठी तिचा अर्ज आज गेला नाही, तर जागा गेली. वेबसाइट बदलली की या कार्यालयात पान असेच विस्कटायचे. साहेबांचे निदान ठरलेले होते: डोंगरातले नेटवर्क. उपायही ठरलेला. अर्जदाराने जीपने घाट उतरून नंदुरबार गाठावे. तिथे बटण दिसायचे, त्यामुळे निदान सिद्ध व्हायचे.

खरे कारण साधे होते. ब्राउझर एकदा पाहिलेल्या पानाचे फोटो आणि मांडणी स्वतःजवळ साठवतो, म्हणजे पुन्हा आणायला नको. या साठ्याला कॅशे म्हणतात. साइट नवी आणि साठा जुना, की पान बिघडते. साठा पुसला की काम झाले.

मी पुसायला गेलो. 'क्लिअर डेटा' वाचून हेडक्लार्क आप्पांनी माझा हात धरला.

"पुसशी तू, आन नोकरी जाई मन्ही."

साहेब आप्पांच्या बाजूचे. डेटा नष्ट करायचा तर आधी प्रस्ताव, मग वरिष्ठांची मंजुरी. मी म्हटले, ही नुसती रद्दी आहे. रद्दी तरी आपण मंजुरीशिवाय विकतो का, असे त्यांनी विचारले.

"सर, प्रस्ताव पाठवा तुम्ही," रमिला म्हणाली. "पण तो मंजूर होईपर्यंत मी नर्स होऊन रिटायर होईन."

मग मी ब्राउझरची इनकॉग्निटो, म्हणजे गुप्त, विंडो उघडली. ती जुन्या साठ्याकडे बघत नाही, पान ताजे आणते. काळी खिडकी पाहून साहेब म्हणाले, असले गुपचूप बघायचे प्रकार इथे चालणार नाहीत. मी विचारले, काही पुसले का? नाही. मग मंजुरी हवी का? त्यांनी आप्पांकडे पाहिले. आप्पांनी मान हलवली. नको.

बटण दिसत होते. रमिलाने ते स्वतः दाबले.

तिला जागा मिळाली. मी एवढेच शिकलो, की नियमाशी वाद घालू नये. त्याला जिचे नावच माहीत नाही, अशा वाटेने जावे. प्रस्ताव अजून वरिष्ठांकडे आहे. तोवर त्या कार्यालयाचा पारदर्शक कारभार इनकॉग्निटोतून चालतो.