पाचातले कोणतेही तीन

माझ्या सुनेचं रक्त थांबत नव्हतं आणि रशीदच्या पाच कॉम्प्युटरच्या डब्यांतले चार बंद होते. कल्पना सकाळी वडवणीच्या दवाखान्यात बाळंत झाली, मुलगी झाली. दुपारी माझ्या मुलाचा, बाळूचा, फोन आला. डॉक्टर म्हणतात हिचा रक्तगट सहज मिळत नाही, बीडहून बाटली येईपर्यंत ही टिकायची नाही, रक्त देणाऱ्यांची यादी उघडा. यादी त्या डब्यांत होती, आणि रशीद माझ्यासमोर सणाच्या ताटावर बसला होता. त्याने कोपऱ्यातल्या डब्याकडे पाहिलं. डब्यावर झेंडूची माळ होती, हळदीकुंकू होतं, आणि त्याचा हिरवा दिवा विझलेला होता.

"मावशी, हा कधी बंद केला?"

"सकाळी. आज खंडेनवमी हाय."

त्याने हातातली पोळी ताटात ठेवली. "मग सगळ्यांनीच केला असंल," तो म्हणाला.

रशीद वडवणीचा. बाप मोटारी दुरुस्त करायचा, हा कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागला. माझ्या बाळूच्या वर्गातला, म्हणून घरात येणंजाणं. दिसायला काडी, बोलायला फटकळ, आणि माझ्यापुढे कधी वाकला नाही, म्हणून मला तो आवडायचा. काही वर्षांपूर्वी त्याने रक्त देणाऱ्यांची यादी केली होती, साधी, कागदावर. कुणीतरी तिचा फोटो काढून पसरवला आणि यादीतल्या बायकांना नको त्या माणसांचे फोन यायला लागले. दोघीतिघींच्या घरी भांडणं झाली. रशीदने यादी फाडली. मग कडा गावच्या भंगारवाल्याकडून पाच जुने कॉम्प्युटर आणले आणि पाच ठिकाणी ठेवले. एक त्याच्या दुकानात, एक दूध डेअरीत, एक गिरणीत, एक शाळेत आणि एक माझ्याकडे. आमचं घर टेकडीवर, तिथून वडवणी सरळ दिसते, म्हणून पत्र्यावर खांब रोवून अँटेना लावला. फोनवर बोलणं होतं आमच्याकडे, पण नेट येत नाही.

"पण मलाच कावून देतो?" मी विचारलं होतं.

"तुमी कुणाचं ऐकत न्हाई, मावशी. कुणी म्हणलं बंद करा, तर तुमी करणार न्हाई."

मी चौथी शिकलेली. मला त्याने ते चुलीवरून समजावलं. यादीचे असे तुकडे केलेत की एका डब्यातून कुणालाच काही वाचता येत नाही. पण पाचातले कोणतेही तीन डबे एकमेकांशी बोलले की पूर्ण यादी उभी राहते. "पाच दगड ठेवलेत. कोणतेबी तीन घ्या, भांडं बसतं. दोनावर न्हाई बसत." एकदा गिरणीतल्या डब्याच्या आत उंदरांनी घर केलं आणि डबा मेला. रशीदने त्यात नवी डिस्क बसवली, तर बाकीच्या डब्यांनी मिळून त्याचा हरवलेला तुकडा तासाभरात पुन्हा भरून दिला. तो लेकरासारखा खूश झाला होता. वीज पडली, लाईट गेली, उंदीर लागले, दोन डबे कधीही जाऊ शकतात हे त्याने धरलं होतं. हळदीकुंकू त्याने धरलं नव्हतं.

खंडेनवमीला घरातलं लोखंड धुऊन पुसून पुजायचं आणि त्या दिवशी त्याला कामाला लावायचं नाही, हे आमच्याकडे लहानपणापासूनचं. कोयता, विळा, शिलाई मशीन, मोटरसायकल. आदल्या वर्षी डबे लागले ते दसऱ्यानंतर, म्हणून हा पहिलाच सण. कुणी कुणाला विचारलं नाही. प्रत्येकाला वाटलं, आपला एकच तर बंद करतोय... मलाही तेच वाटलं.

रशीद फोन लावत सुटला. त्याच्या दुकानातला चालू होता, तो एक. डेअरीवाल्याने माळ बाजूला करून डबा सुरू केला, दोन. गिरणीवाल्याने सकाळी पिठाची धूळ जावी म्हणून डब्यावर पाण्याचा पाईप धरला होता. रशीद फोनवर एवढंच म्हणाला, "अरे, म्हैस हाय का ती?" शाळेची किल्ली हेडमास्तरांकडे आणि हेडमास्तर परगावी. बाळूने व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकला होता, तर लोक हात जोडलेली चित्रं पाठवत होते. राहिला माझा. मी त्याच्यावर नुसतं फुलाने पाणी शिंपडलं होतं. बटण दाबलं, तो घुरघुरला, पण हिरवा दिवा लागेना. रशीद बाहेर गेला, त्याने वर पाहिलं. सकाळी तोरणाची दोरी मी त्या खांबालाच ओढून बांधली होती. अँटेना वडवणीकडे पाठ करून उभा होता.

"डबा उचलून दुकानात नेऊ," मी म्हणाले.

"आठ किलोमीटर रस्ता, त्यात आज मिरवणूक. वर दोन मिन्टांचं काम हाय." आणि तो शिडी चढला.

आता जे लिहिते ते लिहायचं म्हणूनच बसले आहे. खांबाजवळचा पत्रा सडला होता. उन्हाळ्यापासून मला माहीत होतं. सांगितलं असतं तर तो थांबला असता, शेजारून फळी आणावी लागली असती, दहा मिनिटं गेली असती. बाळूचा तेवढ्यात तिसरा फोन आला होता, आणि फोनमध्ये तो बोलत नव्हता, नुसता रडत होता. मी तोंड उघडलं आणि मिटलं. विसरले नव्हते.

मी आत डब्यासमोर बसले. वरून पत्र्यावर त्याच्या पावलांचा आवाज, मग दोरी कापल्याचा, मग खांब करकरला.

"मावशी, हिरवा आला का?"

"न्हाई."

"आता?"

दिवा लुकलुकला, मग लागून राहिला. "आला," मी ओरडले. दवाखान्यात यादी उघडली, दोन नावं निघाली. त्यातला एक बसस्टँडजवळचा फळवाला, तो पंधरा मिनिटांत पोचला, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त एक पाऊल मागे सरकल्याचा आवाज आला... आणि पत्रा फाटला. तो माझ्यापासून चार हातांवर फरशीवर पडला. डोक्यावर पडला. गाडी येईपर्यंत काही उरलं नव्हतं.

दहाव्या दिवशी त्याची बायको शबाना आली. विचारलं, शेवटी काय म्हणाले? मी सांगितलं, हिरवा आला का विचारलं, मी आला म्हणाले. मग पत्र्याचंही सांगितलं. तिने हातातला चहा खाली ठेवला आणि निघून गेली. परत आलेली नाही. येऊ नये.

नवा पत्रा टाकून झाला आहे. डबा त्याच कोपऱ्यात आहे. माळ मी काढली, हळदीकुंकू पुसलं नाही. येताजाता दिव्याकडे नजर जाते, तो हिरवा आहे का पाहते आणि कामाला लागते. पुढच्या खंडेनवमीला डबा कुणी बंद करायला आला तर त्याला आधी माझ्याशी बोलावं लागेल.

रशीद गेला. कल्पना आणि तिची मुलगी जगल्या.