आप्पांचे तांब्याचे पाइप

माझे सासरे, आप्पा, सकाळी चहाच्या आधी भिंतीला कान लावायचे. लग्न होऊन मी कसबा बावड्यातल्या त्यांच्या घरात आले, तेव्हा पहिल्याच सकाळी ते स्वयंपाकघराच्या भिंतीला गाल टेकवून उभे दिसले आणि मी दारातच थबकले. मला बघून म्हणाले, "भिऊ नगंस पोरी. पाइप ऐकतोय. गळती असली की सूं करतंय बघ."

आप्पांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. घर बांधताना सगळी गल्ली लोखंडी पाइप घालत होती, आप्पांनी मात्र हट्टाने तांब्याचे घातले. "तांबं हाय ते. नातवंडं म्हातारी हुतील, पाइप हाय तसा ऱ्हाईल," असं पाहुण्यांना ऐकवायचे आणि पाहुणे गेले की पुन्हा भिंतीला कान. एवढा विश्वास, तर मग ऐकायचं काय, हे मला कधी कळलं नाही. त्यांच्या काळजीला विषय लागायचाच. गॅसचं बटण, गच्चीचं दार, पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी कुठवर आलं. सासूबाई गेल्यापासून तर घरातलं कुणी जरा उशिरा आलं तरी ते फाटकाशी जाऊन उभे राहत.

बोअरच्या जड पाण्याने त्या तांब्यालाही अखेर सुईच्या टोकाएवढी भोकं पडली. न्हाणीघराची भिंत ओली झाली, पोपडे सुटले. सर्जेराव प्लंबर म्हणाला, "आप्पा, एक बुजवलं की शेजारी दुसरं पडतंय. समदं काढूया. आता वाकणारा प्लास्टिकचा पाइप येतोय, भिंतीत कुठं जोड न्हाय, गळायचं काम न्हाय."

आप्पांनी नमुन्याचा तुकडा हातात घेऊन पिळून बघितला. "ह्यो पाइप व्हय? बागंला पाणी घालायची नळी हाय ही." दोन महिने ते नाहीच म्हणत राहिले. पण ओल स्विचबोर्डाकडे सरकायला लागली तशी त्यांची पाचावर धारण बसली. "करंट उतरला तर माणूस जाईल घरातलं. काढ बाबा, काढ."

भिंती फुटल्या, तांबं पोत्यात भरून मोडीत गेलं, नवे पाइप बसले. आता आप्पा कान लावायला गेले तर ऐकायला काहीच नाही. बिचारे कावरेबावरे झाले. मी म्हटलं, "आप्पा, सुटलात एकदाचे."

त्याच आठवड्यात मी ओल्या हाताने वॉशिंग मशीनचं झाकण उघडायला गेले आणि खांद्यापर्यंत झणझणलं. मी मागे दारावर आदळले. आप्पा धावत आले, मेन स्विच पाडला आणि अंगणातल्या फरशीकडे बोट दाखवलं. "खड्डा," एवढंच म्हणाले.

झालं होतं असं. बऱ्याच वर्षांपूर्वी अंगणात फरशी घातली तेव्हा अर्थिंगचा मीठ-कोळशाचा खड्डा तिच्याखाली गेला. नवीन कोण खणत बसणार, म्हणून वायरमनने अर्थिंगची तार तांब्याच्या पाइपाला बांधून दिली. "पाइप जमिनीतच जातोय की," असं तो म्हणाला आणि आप्पांनी मान डोलावली. जुन्या घरांतून असे उद्योग खूप झालेत. पाइप निघाले तसं आमच्या घराचं अर्थिंगही त्या पोत्यातून निघून गेलं. गिझरमधून झिरपणारा करंट इतकी वर्षं तांब्यातून निमूट जमिनीत जात होता. त्याची वाट बंद झाली आणि तो अर्थिंगच्याच तारेतून मशीनवर येऊन बसला. जगातल्या सगळ्या गोष्टींची काळजी करणारा माणूस नेमकी हीच गोष्ट विसरला होता.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. "मी मारलं असतं गं तुला," असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मी धडधाकट समोर बसले होते, पण ते त्यांना दिसतच नव्हतं.

गिझर बदलला, नवा खड्डा झाला, वायरमनने सगळं तपासून दिलं. आप्पांना काही पटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून माझ्याआधी ते अनवाणी न्हाणीघरात जायचे आणि मशीनला, गिझरला, नळाला हाताची मागची बाजू टेकवून बघायचे. तळहात लावला आणि करंट असला, तर बोटं मिटतात आणि माणूस चिकटून बसतो, हे त्यांनी वायरमनकडून ऐकलं होतं. मी चिडायचे. "आणि तुम्हाला बसला म्हणजे, आप्पा?"

"बसला तर मला बसंल की. तू मागं सर."

मग आतून आवाज यायचा, "हं. ये आता."

आप्पा गेले ते न्यूमोनियाने, दवाखान्यात. माती देऊन आलो, पाहुणे पांगले, घरात कपड्यांचा ढीग साचला होता. तो घेऊन मी न्हाणीघराच्या दारात उभी राहिले. बराच वेळ झाला तसं यांनी विचारलं, "काय झालं? मशीन बिघडलंय का?"

मशीन ठणठणीत होतं. आतून 'ये' म्हणणारं कुणी नव्हतं, आणि माझं पाऊल उचलत नव्हतं.